मदत हवी आहे: थंडीत गीझरचं पाणी कोमटच येतं, आईबाबांच्या आंघोळीसाठी काय बसवावं?

गोदाकाठ
नाशिक, सात मजली इमारत, आम्ही सातव्यावर. टाकी गच्चीत, जवळपास डोक्यावरच, त्यामुळे नळाला जोर कमी. पाणी बोअरचं आणि टँकरचं मिळून येतं, बादलीवर पांढरे डाग पडतात. बाथरूममध्ये ३ लिटरचा, ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर आहे. आई ७१, बाबा ७६, बाबांना मधुमेह. दोघंही बादलीनेच आंघोळ करतात, सकाळी सहाच्या सुमारास, एकामागून एक.

उन्हाळ्यात काही तक्रार नसते. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहिले दोन-तीन तांबे कढत येतात आणि मग बादली भरेपर्यंत पाणी कोमट. इलेक्ट्रिशियन म्हणतो कॉईल गेली, बदला. दुकानदार म्हणतो ४.५ किलोवॅटचा इन्स्टंट घ्या. शेजारचे काका म्हणतात गॅस गीझर लावा, बाथरूमच्याच भिंतीवर. खिडकी दोन फूट बाय एक फूट, थंडीत आम्ही तिला पुठ्ठा लावतो. नक्की काय करावं? पैसे एकदाच घालायचे आहेत.

साधी_तार
कॉईल बदलू नका, ती ठीक आहे. या गीझरमध्ये एकच कॉईल असते. ती जाते तेव्हा पाणी थंडगार येतं, अर्धवट गरम नाही.

हिशेब असा. १ किलोवॅट म्हणजे तासाला ८६० किलोकॅलरी, म्हणजे तुमचा ३ किलोवॅटचा गीझर मिनिटाला ४३ किलोकॅलरी देतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते. नाशिकला जानेवारीत पहाटे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी १६ अंशांच्या आसपास धरा. आंघोळीला ४० अंश हवं, म्हणजे २४ अंश चढवायचे. ४३ भागिले २४, मिनिटाला साधारण १.८ लिटर. वीस लिटरची बादली भरायला ११ मिनिटं. तुम्ही नळ नेहमीसारखा, मिनिटाला तीन-चार लिटरने सोडत असाल, तर पाणी २७ ते ३० अंशांवरच अडकणार. एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी २८ अंश असतं, १२ अंशच चढवायचे असतात, म्हणून तेव्हा तोच गीझर पुरतो.

पहिले तांबे कढत का येतात? आत तीन लिटर पाणी आधीच तापून बसलेलं असतं. ते संपलं की कॉईलची खरी ताकद दिसते.

तरी खात्री हवी असेल तर: घरातलं बाकी सगळं बंद करा, गीझर चालू ठेवून गरम नळ बारीक सोडा आणि दहा मिनिटं मीटर बघा. अर्धा युनिट पडला तर कॉईल पूर्ण ताकदीने चालते आहे. नळ बंद ठेवून ही चाचणी करू नका, थर्मोस्टॅट मध्येच वीज तोडेल आणि आकडा चुकेल. पडलेला आकडा ०.३८च्या जवळ असेल तर व्होल्टेज बघा. २३०ऐवजी २०० व्होल्ट आले की ३ किलोवॅटची कॉईल २.२५ किलोवॅटच देते, कारण ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. सकाळी सगळी इमारत एकदम गीझर लावते तेव्हा हे होऊ शकतं.

४.५ किलोवॅटचा गीझर साडेएकोणीस अँपिअर ओढतो. १६ अँपिअरचा सॉकेट त्याला चालत नाही, सॉकेट आणि पिन तापून काळी पडतात. मेन बोर्डापासून ४ चौरस मिलिमीटरची वेगळी तार आणि मोठा एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच) टाकावा लागेल, आणि एवढं करून पाणी मिळेल मिनिटाला २.७ लिटर. तुमची गरज साठ्याची आहे. स्टोरेज गीझर घ्या, म्हणजे टाकीत पाणी आधीच तापवून ठेवणारा.

ज्योत
गॅस गीझर बाथरूममध्ये नको. यात मधला मार्ग नाही.

एलपीजी जळायला भरपूर हवा लागते. लहान बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एलपीजीला गळती कळावी म्हणून वास मिसळलेला असतो, कार्बन मोनॉक्साइडला वासही नाही आणि रंगही नाही. डोकं जड होतं, गरगरतं, पाय लुळे पडतात आणि माणूस कडी उघडण्याआधीच कोसळतो. वाफेमुळे गरगरलं असेल असं घरच्यांना वाटतं आणि तेवढा वेळ हातचा जातो. पुठ्ठा काढला तरी दोन बाय एकची खिडकी यावर उपाय नाही. एक्झॉस्ट फॅनचा भरवसाही धरू नका, दार बंद असताना तो गीझरचाच धूर खोलीत मागे ओढू शकतो.

गॅस गीझरची जागा ड्राय बाल्कनीत, उघड्या बाजूच्या भिंतीवर. तिथून गरम पाण्याचा पाइप आत आणायचा. वीस लिटरची बादली सुमारे ५० ते ५५ ग्रॅम गॅसमध्ये तापते, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये अडीचशेच्या वर बादल्या. खर्चाला वाईट नाही. पण तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे: पाण्याचा जोर ठरावीक पातळीच्या वर असेल तरच गॅस गीझर पेटतो. टाकी डोक्यावर तीन मीटरवर असेल तर जोर फक्त ०.३ बार. पेटेल, विझेल, पुन्हा पेटेल.

गोदाकाठ
गॅस बाद. काकांनाही हे वाचून दाखवते, त्यांच्याकडे तो बाथरूममध्येच आहे. स्टोरेज घ्यायचा तर १५ लिटर की २५? आणि आहे ती वायरिंग चालेल का?

साधी_तार
काकांचा आजच बंद करायला सांगा ताई, उद्यावर ढकलू नका.

पाणी ६० अंशांवर तापवलं आणि त्यात १६ अंशांचं विसण घातलं, तर वीस लिटरच्या बादलीला ११ लिटर गरम आणि ९ लिटर गार लागतं. दोन बादल्यांना २२ लिटर गरम. १५ लिटरच्या टाकीत एक बादली निघते, मग पुन्हा तापायला २ किलोवॅटवर १७ ते १८ मिनिटं. २५ लिटर पहिल्यांदा तापायला ३८ ते ४० मिनिटं घेतो, पण दोघांच्या आंघोळी सलग होतात. कागदावर २५ असले तरी गरम पाणी बाहेर पडताना खालून गार पाणी शिरतं, त्यामुळे शेवटचे काही लिटर कमी गरम येतात. दुसऱ्या बादलीला विसण थोडं कमी घाला. पाच-सव्वापाचला चालू करा आणि बाबा पहिली बादली घेतील तेव्हा चालूच राहू द्या.

दोघं जण आणि तीही वयस्कर. २५ घ्या.

वीज दोन्हीकडे सारखीच: बादलीला ०.५६ युनिट. दिवसभर चालू ठेवला तर टाकीच्या भिंतीतून उष्णता जाते, ते नुकसान वेगळं. स्टार रेटिंग याच नुकसानीचं असतं, तापण्याच्या वेगाचं नाही. आयएसआय मार्क आणि आयएस २०८२ हा आकडा पाटीवर बघून घ्या.

वायरिंग: २ किलोवॅट म्हणजे पावणेनऊ अँपिअर. आत्ताची ३ किलोवॅटची लाइन १३ अँपिअर ओढते, त्यामुळे तार २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची असेल तर चालेल. अर्थिंग मात्र मोजून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा. एमसीबी तार वाचवतो, माणसाला आरसीसीबी वाचवतो. टेस्टर लावून “लाइट पेटतोय” म्हणणं ही अर्थिंगची तपासणी नव्हे.

पाना_पकड
बसवताना लक्ष ठेवा, कारण सगळा घोळ इथेच होतो.

१. २५ लिटरचा गीझर भरल्यावर ३५ किलोच्या वर जातो. भिंत पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची असेल तर साधे फिशर (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायच्या प्लॅस्टिकच्या खुंट्या) धरणार नाहीत. आरपार बोल्ट किंवा त्या ब्लॉकसाठीचेच अँकर मागा.

२. गार पाण्याच्या तोंडाला कंपनी जो मल्टी-फंक्शन व्हॉल्व्ह देते (आत दाब वाढला की पाणी बाहेर सोडणारा), तो लावलाच पाहिजे. काही प्लंबर तो गळतो म्हणून काढतात किंवा त्याच्या तोंडाला बूच मारतात. असं झालं आणि थर्मोस्टॅटही बिघडला, तर टाकीतल्या वाफेला वाट राहत नाही आणि टाकी फुटते.

३. गरम लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकची हवी. साधा पांढरा यूपीव्हीसी ६० अंशांना मऊ पडून सांध्यात सुटतो.

४. पहिल्यांदा चालू करण्याआधी गरम नळ सोडून ठेवा. फसफसणं थांबून अखंड धार आली म्हणजे टाकी भरली. त्याआधी बटण दाबलं तर कॉईल कोरडी जळते, आणि हे वॉरंटीत येत नाही.

आता मिक्सरचं. तुमच्याकडे भिंतीतला मिक्सर (गार-गरम पाणी एकत्र करणारा नळ) असेल तर एक तपासणी आजच करा: गीझरचा इनलेट कॉक (गार पाणी आत सोडणारा) बंद करा आणि गरम नळ सोडा. काही सेकंदांत धार थांबली पाहिजे. पाणी येतच राहिलं तर ते गार पाणी आहे, मिक्सरमधून उलटं गरम लाइनमध्ये शिरतंय. हँड शॉवरचं फक्त टोक बंद करून मिक्सरच्या दोन्ही चाव्या उघड्या ठेवल्या की हेच होतं. गीझर कितीही मोठा घेतला तरी पाणी कोमटच येणार. उपाय दोन: चाव्या मिक्सरवरच बंद करायची सवय, किंवा गरम लाइनवर एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह.

जोर कमी म्हणून पुढे प्रेशर पंप लावायचा विचार असेल तर तो टाकीनंतरच्या समाईक लाइनवर लावा, गार आणि गीझर दोन्हींना सारखा जोर मिळेल असा. फक्त गार लाइनवर लावला तर गार पाणी गरमला मागे रेटतं.

गोदाकाठ
दादा, तपासलं. धार थांबली नाही, बारीक चालूच राहिली! हँड शॉवरची चावी उघडीच असते आमच्याकडे. चाव्या बंद केल्यावर धार थांबली. आणि मीटर ०.४८ पडला. म्हणजे कॉईल खरंच ठीक.

कठीण पाण्याचं काय करावं? आणि नवा गीझर येईपर्यंत बादलीत रॉड टाकला तर चालेल का?

पाना_पकड
कठीण पाण्यातला क्षार तापल्यावर कॉईलवर साचतो. पाणी जितकं जास्त तापवाल तितका थर जाड. थराखाली कॉईल प्रमाणाबाहेर तापते आणि शेवटी फुटते. त्याआधी गीझरमधून चहाच्या आधणासारखा खदखद आवाज यायला लागतो, ती सूचना समजा. म्हणून थर्मोस्टॅट ७५वर नको, ६०वर ठेवा. ५०च्या खालीही नको, कोमट साठलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात.

काचेचा लेप असलेल्या टाकीत मॅग्नेशियमचा एक दांडा असतो, ॲनोड रॉड. टाकीचं पोलाद गंजण्याऐवजी तो झिजतो. तो संपला की टाकीची पाळी. तुमच्या पाण्याला पहिली तपासणी वर्षभरातच करा. दांडा निम्म्याहून बारीक झाला असेल किंवा आतली तार दिसायला लागली असेल तर बदला. कंपनीची सर्व्हिस बोलावलीत तरी समोर उभं राहून दांडा बघायला मागा, बरेच जण फक्त बाहेरून पुसून जातात.

त्याच वेळी कॉईल काढून सायट्रिक ॲसिडच्या कोमट द्रावणात तासभर बुडवायची, एका लिटरला साधारण ५० ग्रॅम. थर बुडबुडे येत सुटतो. स्क्रू ड्रायव्हरने खरवडलं तर कॉईलवर ओरखडा पडून तिथूनच ती जाते. परत बसवताना गॅस्केट नवीनच घाला, जुना एकदा दाबला गेला की गळतो.

रॉड: तात्पुरता चालेल, पण आईबाबांच्या हाती नको. पाणी त्याच्यावरच्या खुणेपर्यंत हवं, रॉड बादलीच्या कडेला टेकलेला नको, बादली लोखंडाची नको. पाण्यात बोट घालून बघण्याआधी बटण बंद आणि पिन सॉकेटमधून बाहेर, दोन्ही.

शुश्रूषा
गीझरबद्दल सगळं आलं, आता आंघोळीबद्दल, कारण घरात ७६ वर्षांचे मधुमेही आहेत.

६० अंशांचं पाणी कातडीला पाच सेकंदांत गंभीर भाजू शकतं. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ, त्यांना त्याहून लवकर. मधुमेहात पायाच्या नसा बधिर झाल्या असतील तर बाबांना चटका कळणारच नाही. त्यामुळे बादलीत आधी गार, मग त्यावर गरम, हा क्रम घरात सगळ्यांनी पाळा. गरम बादलीत नंतर विसण घालायचं ठेवलं आणि विसरलं, असं सहज होतं. शेवटी पाणी आईंनी किंवा तुम्ही कोपराने बघा, बाबांनी पायाने नाही. छोटा थर्मामीटर मिळाला तर ३८ ते ४० अंश.

बादली जमिनीवर ठेवू नका. बाबांना खुर्चीच्या उंचीचं, म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटरचं रबरी पायाचं स्टूल आणि बादली दुसऱ्या बुटक्या स्टुलावर, म्हणजे प्रत्येक तांब्याला वाकावं लागत नाही. तांब्या हलका, प्लॅस्टिकचा. गरम पाण्याने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. आंघोळ झाली की बसल्या जागी अंग पुसायचं, मिनिटभर थांबायचं, मग दांडी धरून उठायचं. दांडी विटेत रोवलेली हवी, टाइलवर चिकटवलेली नको. आतली कडी काढून बाहेरून उघडता येईल अशी लावा.

बाथरूम गार वाटत असेल तर आधी दोन तांबे गरम पाणी फरशीवर ओता. खोली तापवायचा हीटर आत नेऊ नका. तेल लावून आंघोळ असेल त्या दिवशी फरशी साबणाने घासूनच दुसऱ्याला आत पाठवा.

गोदाकाठ
सगळं लिहून घेतलं. गीझर शनिवारी बसतोय, २५ लिटर. काकांनी त्यांच्या गीझरचा गॅस कॉक बंद केला, ड्राय बाल्कनीत हलवणार म्हणाले. एकच शंका: व्हॉल्व्हमधून पाणी गळतं म्हणून प्लंबर तो काढतात असं वर लिहिलंय. मग आमचाही गळला तर?

पाना_पकड
तापत असताना थेंब थेंब येणं बरोबर आहे. पाणी तापलं की फुगतं, २५ लिटरमागे पाव लिटरच्या पुढे वाढतं, आणि तेवढंच बाहेर पडतं. त्याच्या तोंडाला पारदर्शक नळी लावा, उतार देऊन फरशीच्या जाळीपर्यंत आणा आणि नळीचं टोक उघडं ठेवा. गीझर बंद करून तास-दोन तास झाले तरी थेंब थांबत नसतील, तर व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार किंवा कचरा अडकलाय. चाचणीची कडी असेल तर ती दोनदा उचलून सोडा, नळीचं टोक जाळीकडे धरून, कारण पाणी कढत येतं. तरी थांबलं नाही तर त्याच रेटिंगचा नवा व्हॉल्व्ह. शनिवारी प्लंबर जाण्याआधी ही नळी लावूनच घ्या.