समुद्रावर जायचं तर आदल्या दिवशी कळवायचं?

(रत्नागिरीतल्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा)

सेक्रेटरी: सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी 7 वाजता गणपतीपुळ्याची सहल नक्की झाली आहे. आरे-वारेच्या रस्त्याने जाऊ. मिनीबस सांगितली आहे. ए-101 च्या ताईंसाठी वेगळी गाडी बघतो. त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे, म्हणजे त्यांना आणि व्हीलचेअर उचलायला दोन माणसं तयार ठेवता येतील.

बी-302: आम्ही चौघं.

ए-101: काका, आठवणीने माझा विचार केलात, बरं वाटलं. मी येते. पण सहलीच्या निमित्ताने एक गोष्ट बोलायची आहे, जरा लांबेल.
परवा संध्याकाळी ए-304 च्या वहिनींनी इथेच टाकलं होतं, ‘भाट्याच्या समुद्रावर मस्त वारा सुटलाय, कोण येतंय?’ चहा संपायच्या आत तुम्ही सगळ्या खाली उतरलात. मला त्याच भाट्याला जायचं तर गाडी कोणाची, उचलणार कोण, खुर्ची डिकीत मावेल का, परत आणायला कोण थांबेल, हे ठरेपर्यंत काळोख पडतो. वर्षातून एकदा मला सहलीला न्या, असं माझं म्हणणं नाही. मनात आलं की निघता यावं. मांडवीला भेळ खायला, बाजारात सुरमई आली का बघायला, नाहीतर काहीच कारण नसताना. कारण नसताना बाहेर पडणं ही गोष्ट खुर्ची आल्यापासून माझ्या आयुष्यातून गेली आहे, आणि मला ती परत हवी आहे.

ए-304 (वहिनी): अगं, मला वाटलं विचारलं तर तुझीच पंचाईत होईल. म्हणून नाव घेतलं नाही.

ए-101: वहिनी, विचारत जा. नाही म्हणायचं असेल तर मी म्हणेन.

बी-204: मुंबई-पुण्यात व्हीलचेअरसकट नेणाऱ्या गाड्या आहेत की. ॲपवरून मागवायची सोय आपल्याकडेही होईल कधीतरी.

ए-101: दादा, आहेत. मुंबईत ईझीमूव्हच्या गाड्या आहेत, मागे लिफ्ट असते, खुर्चीतून उठावंच लागत नाही. उबरनेही 2017 मध्ये बेंगळुरूत तशा गाड्या आणल्या होत्या. पण गाड्या मोजक्या असल्या की आधी बुकिंग आलंच. हा प्रश्न पैसेवाल्या देशांनाही सुटलेला नव्हता. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने शहर बससेवेला जोडून दिव्यांगांसाठी वेगळी गाडी द्यावीच लागते, पण नियमातच आदल्या दिवशी नोंदणी धरलेली आहे. म्हणजे उद्या संध्याकाळी मला कुठे जावंसं वाटणार, हे आज सांगायचं. बॉस्टनमध्ये 2016 पासून त्याच प्रवाशांना ॲपवरच्या साध्या टॅक्सीसाठी सवलत द्यायला लागले, तेव्हा कुठे तिथे त्याच दिवशी, हवं तेव्हा निघता यायला लागलं.
मला सगळ्यात पटतं ते लंडनचं. तिथे 2000 सालापासून रस्त्यावरच्या प्रत्येक काळ्या टॅक्सीत रॅम्प आहे. दिव्यांगांची गाडी म्हणून वेगळी काही नाही, समोर येईल तिला हात करायचा. खुर्ची आहे म्हणून जास्त पैसे मागायला 2017 पासून कायद्याने बंदी आहे. सगळ्यांची गाडी तीच माझी गाडी. वेगळी गाडी आली की तिच्या मागोमाग वेगळी वेळ, वेगळा फोन आणि वेगळं आभार मानणं येतं.

सी-003 (रिक्षावाले दादा): ताई, आपल्याकडे टॅक्सी म्हणजे रिक्षाच. मी खरं सांगतो, नाक्यावर खुर्ची दिसली की पोरं मान फिरवतात. मनात वाईट नसतं. उचलताना माणूस पडला, काही लागलं, तर काय करायचं ही भीती. कुणी शिकवलेलंच नाही.

ए-101: दादा, हे बोललात ते फार बरं केलंत. आपण शिकवूया. मला काखेत हात घालून उचलायचंच नाही, त्यानेच खांदा निखळायची भीती असते. खुर्ची रिक्षाच्या सीटला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावायचे, माझ्या पायाखालच्या पट्ट्या बाजूला करायच्या. माझ्याकडे गुळगुळीत फळी आहे. तिचं एक टोक माझ्या मांडीखाली, दुसरं रिक्षाच्या सीटवर. मी रिक्षाचा दांडा धरून सरकत जाते. तुम्ही खुर्ची घट्ट धरायची, मला नाही. मग पाय मी एकेक उचलून आत घेते. खुर्ची घडी करून माझ्या पायांपुढे आडवी, आणि दोरीने बांधायची, नाहीतर वळणावर बाहेर येते.

सी-003: एवढंच? मग हे मी शनिवारी नाक्यावर चार जणांना करून दाखवतो. तुम्ही खाली याल का? पाऊस असला तर पार्किंगमध्ये करू.

ए-101: येते ना. आणि भाडं नेहमीचंच घ्यायचं. वेळ लागतो म्हणून मी आपणहून वर काही दिलं तर गोष्ट वेगळी.

बी-201: माझी ईको दिवसभर उभीच असते. मागे रॅम्प बसवून घेऊ, खर्च सगळे मिळून करू. ज्याला लागेल त्याने पेट्रोल आणि थोडे पैसे द्यायचे.

ए-202 (वकीलकाका): भावना चांगली आहे, पण घाई नको. पांढऱ्या पाटीच्या गाडीने पैसे घेऊन माणसं नेता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याचे हाल. दुसरं, मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी बदल केलेल्या गाडीची व्याख्या आली आहे. अशी गाडी फक्त त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरायची असते. सोसायटीची सामाईक गाडी त्यात बसणार नाही. फेरफार आरटीओच्या परवानगीशिवाय तर करूच नका.

सी-003: रिक्षाचंही तसंच आहे. बॉडीला हात लावला की पासिंगला अडवतात.

ए-202: बाकी कायदा ताईंच्या बाजूने आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या 41 व्या कलमात बसस्टँड, स्टेशन आणि वाहनं सगळंच आलं. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने राजीव रतुरी खटल्यात सरकारला बजावलं की सुगमतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवू नका, सक्तीचे करा.

ए-101: काका, कागदावर मला एसटीत 75 टक्के सवलत आहे. पण एसटीच्या पायऱ्या चढता येत नाहीत, तर ती सवलत घेऊन मी करू काय? याउलट जयगडची फेरीबोट बघा. तवसाळला जाताना मला कुणी उचलत नाही. ट्रक-जीपसाठी पुढची फळी धक्क्यावर टेकते, तिच्यावरूनच माझी खुर्ची आत जाते. ओहोटीला चढ जरा जास्त असतो, तेव्हा पाठीमागून एक हात लागतो, बस. माझ्यासाठी तिथे कुणी काहीच केलेलं नाही, तरी आख्ख्या किनाऱ्यावर माझ्यासाठी सगळ्यात सोपं वाहन तेच.

बी-302: हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

सी-105 (कॉलेजवाला): ताई, निओबोल्ट बघितलंत का? आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनचं आहे. त्यांच्याच खुर्चीला पुढे जोडलं की तिची बॅटरीवरची तीनचाकी होते, ताशी 25 किलोमीटरपर्यंत जाते.

ए-101: बघितलंय रे, पैसे साठवतेय. मारुती मंदिरापर्यंत जायला छान होईल. मांडवीचा उतार आणि जुलैचा पाऊस यांचं काय ते वापरल्यावर कळेल. पण त्याच्याही आधी मला आपल्या गेटच्या बाहेर पडता आलं पाहिजे. खालच्या त्या दोन पायऱ्या. दारात रिक्षा येऊन उभी राहिली तरी वॉचमन जागेवर नसेल तर मी आतच.

बी-204: हा मुद्दा मागच्या सभेत झाला होता. एका फ्लॅटसाठी सगळ्यांच्या वर्गणीतून खर्च कितपत योग्य? वाईट वाटून घेऊ नका, ताई. हिशेबाचं बोलतोय.

बी-101 (आजी): एका फ्लॅटसाठी कसा? गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी त्या पायऱ्यांवरून बाजूने उतरत्ये. तुझ्या सुनेची बाबागाडी रोज कोण उचलतो रे? मी बघत्ये खिडकीतून.

बी-204: आजी, मान्य. अंदाजे खर्च कळला तर माझी हरकत नाही.

सेक्रेटरी: दोन पायऱ्या मिळून साधारण एक फूट उंची. फळी टाकून भागेल ना?

ए-101: नाही काका. निकष एकास बाराचा आहे. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. त्याहून उभा केला तर मी मागे उलटेन, आजींनाही उतरवणार नाही. आणि कृपा करून वर गुळगुळीत लादी नको. पहिल्या पावसात शेवाळ धरेल. खरखरीत काँक्रीट, नाहीतर जांभ्याचा चिरा, आणि एका बाजूला धरायला पाइप.

सेक्रेटरी: बारा फूट म्हणजे टू-व्हीलरच्या दोन जागा जातात.

सी-105: त्यातली एक माझी. मी बाइक मागे विहिरीकडे लावीन.

बी-302: दुसरी आमची. मिस्टरांशी बोलून सांगते. मागे शेड नाही, गाडी भिजते.

ए-202: शेडचा प्रश्न सभेत एकत्रच घेऊ. सेक्रेटरी, विषयपत्रिकेत रॅम्प पहिला घ्या, नेहमीसारखा ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये नको.

सेक्रेटरी: घेतो. गवंड्याला शनिवारी बोलावतो. ताई, त्या वेळी खाली याल का? माप तुमच्यासमोरच घेऊ. आणि सहलीचं राहिलंच. मिनीबसच्या पायऱ्या उंच आहेत, तुम्ही कशा येणार?

सी-003: काका, वेगळी गाडी सांगू नका. ताई माझ्या रिक्षात. आणखी दोघांना जागा आहे.

ए-304 (वहिनी): त्यातली एक माझी. आणि मिनीबसच्या आधी निघू, आरे-वारेच्या चढावर थांबून फोटो काढायचेत.