लॉनवर लग्न असताना 'शांत मुक्काम' म्हणून खोली विकावी का?

वर्धेकर (धागाकर्ता)

मेच्या सुट्टीत ताडोब्याच्या एका गेटजवळच्या रिसॉर्टात मुक्काम केला. नाव देत नाही, कारण प्रश्न त्या एकाचा नाही. गेटजवळ माणूस राहतो तो सकाळच्या सफारीसाठी. उन्हाळ्यात गेट पहाटेच उघडतं, म्हणजे साडेचारला उठणं आलं. जाहिरातीत लिहिलं होतं 'जंगलाच्या कुशीत शांत मुक्काम'. पोचलो तर खोलीसमोरच्या लॉनवर मांडव आणि त्याला लागून डीजेची गाडी.

लग्नाबद्दल तक्रार नाही. पण लॉन काही आदल्या दिवशी बुक होत नाही, तारीख कित्येक महिने आधी ठरलेली असते. मी आगाऊ रक्कम भरली तेव्हा त्यांना ती माहीत होती. एक फोन करायला काय झालं होतं?

खोलीत डेझर्ट कूलर. कूलर चालायचा तर खिडकी उघडी पाहिजे. ती उघडी ठेवली की पलंगासकट खोली हादरते, लावली की अंग चिकट होऊन जीव घाबरतो. बाराच्या सुमाराला लाईट गेली. जनरेटर लागला तो लॉनसाठी, आमच्या खोल्यांत फक्त पंखे. काउंटरवरचा पोरगा एकच वाक्य म्हणत होता, "सर, आता संपतेच." मॅनेजरचा फोन बंद. बदली खोली दाखवली ती भटारखान्याला लागून, तिथे मध्यरात्रीही पातेली आपटत होती. दीडला डीजे थांबला. पहाटे नाश्त्याचं पार्सल ठरलं होतं, तर किचनमध्ये चिटपाखरू नाही.

अर्धे पैसे परत मागितले तर उत्तर मिळालं, "ऑनलाइन बुकिंग आहे, आमच्या हातात नाही." रिव्ह्यू टाकला. खाली छापील उत्तर: 'प्रिय पाहुणे, पुन्हा अवश्य या.'

माझं मत सरळ आहे. लॉन लग्नाला दिलं असेल त्या रात्रीची खोली सांगून विका, दर कमी करून विका. लपवून विकणं ही फसवणूक आहे. बाकीच्यांना काय वाटतं?

झाडीपट्टीवाला

काऊन जी, गावात यायचं अन् गावानं तोंड दाबून बसायचं? आमच्याकडं दिवाळीपासून नाटकं लागते, रात्री पडदा उघडला का पहाटेलोक चालते. शेतात जागल असते, रानडुकरं हाकलाले डबे वाजवतो, फटाके फोडतो. मोटरीची लाईट रातपाळीची असली का बारा वाजता पाणी द्याले जा लागते, अन् त्या धुऱ्यावर वाघ बसून असते. तो वाघ तुमी सकाळी जिप्सीत बसून पाहता. आमची झोप कोणाले दिसते का? एका रात्रीचा डीजे आयकला तर एवढा मोठा धागा!

वर्धेकर

भाऊ, वडसा भागातली नाटकं मी मांडी घालून पहाटेपर्यंत पाहिली आहेत. तिथे मला कोणी शांत झोप विकली नव्हती.

लॉजवाला

माझं लहानसं लॉज आहे, वेगळ्या गेटजवळ. ज्या रिसॉर्टची गोष्ट चालली आहे ते माझं नाही, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडावी.

१ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर, म्हणजे जंगलाचा आतला भाग, बंद. बफर, म्हणजे त्याच्या भोवतीचा पट्टा, चालू असतं म्हणता, पण धो धो पावसात चिखल तुडवत येतो कोण? मंगळवारीही कोअर बंद, म्हणून सोमवारची रात्र रिकामी. गिऱ्हाईक शनिवार-रविवारचं, त्यातही हौशी लोकांना मोठी रिसॉर्टं लागतात. पोरांचा पगार, लाईटबिल, कर्जाचा हप्ता मात्र बारमाही. एक लग्न घेतलं तर आचाऱ्यापासून वाढप्यापर्यंत गावातल्या वीस-पंचवीस जणांना काम मिळतं. लॉन बंद ठेवा म्हणणं सोपं आहे.

आणि आधी सांगितलं तर बुकिंग येईल का? प्रामाणिकपणे सांगा. तुम्हीच शेजारच्या रिसॉर्टात गेले असते, आणि त्यानं सांगितलं नसतं. जो खरं बोलला तो मेला, असा धंदा आहे हा. पार्सलचं मात्र चुकलंच. तेवढं माझ्याकडं पहाटे चारला तयार असतं.

वकिलीणबाई

वरचा शेवटचा परिच्छेद ग्राहक आयोगासमोर जसाच्या तसा वाचून दाखवावा असा आहे. 'सांगितलं असतं तर आले नसते', म्हणून तर सांगायला पाहिजे!

थोडा कायदा. २००० च्या ध्वनी प्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर चालत नाही. बंदिस्त सभागृह वेगळं, पण लॉन म्हणजे उघडी जागाच. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. सरकारला बारापर्यंत सूट देता येते ती वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, सण-उत्सव आणि सांस्कृतिक कार्यक्रमांसाठी. कोणाच्या घरची वरात त्यात आपोआप बसत नाही. दहानंतर ११२ ला फोन करता येतो. पैशांसाठी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. तिथे भागलं नाही तर २०१९ च्या कायद्याखाली जिल्हा आयोग आहे, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बुकिंगची पावती आणि आवाजाचा व्हिडिओ जपून ठेवा.

लॉजवाला

ताई, अर्ध्या भाड्यासाठी वर्धेचा माणूस तारखा घेत बसणार का? आणि ११२ ची गाडी येईलोक नवरी सासरी पोचली असते.

वकिलीणबाई

२०१९ च्या कायद्यात ग्राहक स्वतः राहतो तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. वर्धेतच. अर्ज ऑनलाइन.

जिप्सीतली गाईड

मी गेटवर गाईड आहे, घर त्याच गावात. इथं सगळे पाहुणा विरुद्ध गाव असं बोलून राह्यले, म्हणून लिहिते. आमी पण झोपत नाही त्या रात्री. माझी पाचला ड्युटी, सासूबाईले बीपी, पोरीची परीक्षा. पाहुणा सकाळी जिप्सीत डुलक्या घेते, मी घेऊ शकत नाही. अन् 'गावाचं लग्न' म्हणता तर लॉनवरचं ते भाडं गावातल्याले परवडते का? आमची लग्नं घरासमोर मांडवात होते. लॉनवर येते ते चंद्रपूर-नागपूरचे. शहराचाच आवाज शहराच्या माणसाले तरास देते, अन् मधात आमी.

पण वर्धेकर सर, काउंटरवरच्या पोराच्या नावानं रिव्ह्यूत काही लिहिलं असन तर काढून टाका. मालकाचा राग पोरावरच निघते.

वर्धेकर

पोराचं नाव लिहिलेलं नाही. लिहिणारही नाही. त्याच्या हातात जनरेटरची किल्लीसुद्धा नव्हती.

झाडीपट्टीवाला

ताईचं लॉनच्या भाड्याचं बरोबर हाय. पण डीजेवाला पोट्टा आमच्याच गावचा हाय, त्याचा सीजन अडीच-तीन महिन्याचा. दहाले बंद करा म्हणान तर वरात निघतेच नऊले. त्याले पैसे कोण देईन?

वकिलीणबाई

वरात सातला काढायला कोणी अडवलंय?

झाडीपट्टीवाला

मे महिन्यात सातले? रस्ता तापून असते बापा, नवरदेव घोड्यावरून खाली येईन.

अकोल्याचा

वाद चालू द्या. पुढच्या महिन्यात आईवडिलांना घेऊन जायचं आहे. काय विचारून बुकिंग करावं?

लॉजवाला

लॉन आहे का, त्या तारखेला कोणाला दिलं आहे का, आणि लाईट गेली तर जनरेटरवर कूलर चालतो का. तिन्ही उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, तोंडी नको. माझ्याकडं लॉन नाही. जनरेटरही नाही, तेही आत्ताच सांगून ठेवतो.