सहा नको, तीनच ठेवा

दोन दिवसांच्या सहलीत गावोगावची सहा छोटी संग्रहालयं पाहायचा तुमचा बेत वाचला. उरकतील हो सगळी, पण लक्षात एकही राहणार नाही. मी दिवसाला एक धरतो, फार तर दोन. आडरस्त्याला पुढे एक ट्रॅक्टर लागला की नकाशातल्या वेळेचे तीनतेरा वाजतात.

निघण्याआधी फोन कराच. लहान गावात किल्ली बहुधा एकाच माणसाकडे असते आणि तो नेमका जेवायला गेलेला असतो. भेटला तर मात्र सोनं! मागे एका कपाटात माहितीची चिठ्ठी नसलेला धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारं विणकराचं लाकडी साधन, पाहत होतो. किल्लीवाल्या काकांनी तो बाहेर काढून सूत निघतं ते भोक दाखवलं. तिथे लाकडात बारीक खाच पडली होती. मी ती नखाने चाचपून पाहिली. 'सुताने लाकूड कापलंय,' एवढंच काका म्हणाले.

खोलीत अंधार आहे म्हणून नाक मुरडू नका. जुनं कापड, जलरंगातली चित्रं यांना साधारण 50 लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक), म्हणजे मंदच उजेड ठेवतात, नाहीतर रंग उडतात. फ्लॅश तर नकोच.

वाटेत शिलालेख असेल तर तो सकाळी किंवा उन्हं कलल्यावर गाठा. भर दुपारी दगड कोरा वाटतो, तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात. ढग असतील तर टॉर्च बाजूने धरा. वाचता यावं म्हणून खडू किंवा पीठ मात्र चोळू नका. दगड खराब होतो.