फुकटचं मासिक बंद पडलं, नाशिकचं नेमकं काय गेलं?

मखमलाबादकर

कॉलेज रोड-गंगापूर रोडवरच्या कॅफेंत, सलूनमध्ये, दातांच्या डॉक्टरांकडे जे गुळगुळीत कागदाचं फुकट मासिक पडलेलं असायचं, ते बंद झालं. शेवटच्या अंकात संपादकांनी अर्ध्या पानात निरोप घेतलाय. जाहिराती पुरत नाहीत, कागद परवडत नाही, वाचकांचे आभार. नाव मुद्दाम घेत नाही, ज्यांनी चाळलंय त्यांना कळेलच. आमच्या ग्रुपवर दोनच प्रतिक्रिया आल्या: ‘अरेरे’ आणि ‘अजून निघत होतं का?’ दुसरीच जास्त.

मुखपृष्ठावरचे दागिने आणि ‘पावसाळ्यात त्वचेची काळजी’ गेली याचं मला सोयरसुतक नाही. गेलं ते शेवटून तिसरं पान. बारीक टायपात, तीन कॉलमांत महिन्याची यादी असायची, ओळीला पैसे नसायचे. कालिदास कलामंदिरात कुठलं नाटक, कुसुमाग्रज स्मारकात विशाखा सभागृहात कोण बोलणार, सावानाच्या, म्हणजे सार्वजनिक वाचनालयाच्या, सायखेडकर नाट्यगृहात काय, मे महिना असेल तर गोदाघाटावर देवमामलेदार पटांगणात वसंत व्याख्यानमालेचा कुठल्या दिवशी कोण वक्ता. रंगपंचमीच्या आधीच्या अंकात तिवंधा, शनी चौक, दिल्ली दरवाजा अशा रहाडींची, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरायच्या जुन्या हौदांची, चौकट. ज्याला नाटकात रस नाही त्याच्याही डोळ्यांखालून नाटकाचं नाव जायचं. फोनवर तसं होत नाही. मी दोनदा मिसळीचे व्हिडिओ पाहिले तर महिनाभर मिसळच समोर येते.

माझं म्हणणं एवढंच, की हे मासिक फुकट ठेवलं म्हणून मेलं. वीस रुपये किंमत लावली असती तर वाचक कमी झाले असते, पण ते त्याचे झाले असते. फुकट अंकाचा मालक जाहिरातदार. तो उठून गेला की अंकाला वाली नाही.

भद्रकालीकर

धागाकर्त्यांनी भलतंच रडगाणं लावलंय. रहाड उघडणार हे आम्हाला मासिकातून कळायचं होय? वर्षभर बुजवलेली रहाड उकरायला घेतली की सगळ्या गल्लीला कळतं, पोरं आठवडाभर आधीपासून तिथेच असतात. ती चौकट आमच्यासाठी नव्हतीच. ‘जुन्या नाशकात काय गंमत असते बघायला जाऊ’ म्हणणाऱ्यांसाठी होती.

दुसरं, ‘नाशिकच्या दहा सर्वोत्तम मिसळी’ नावाचा लेख दर हिवाळ्यात यायचा. दहापैकी बहुतेकांची जाहिरात पुढच्या-मागच्या पानावर असायचीच. याला मासिक नाही म्हणत, पिना मारलेलं हँडबिल म्हणतात. हँडबिल बंद झालं तर सुतक कसलं?

छापखानावाला

दोघेही छपाईचं गणित सोडून बोलताय म्हणून लिहितो. सातपूरला प्रेस आहे, हे मासिक आमच्याकडे नव्हतं, पण असली कामं केलीत.

बत्तीस पानांचा चार रंगी अंक म्हणजे सोळा पानांचे दोन फॉर्म, म्हणजे सोळा-सोळा पानं एकदम छापायचे दोन मोठे कागद. प्रत्येक फॉर्मच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला चार रंगांच्या चार प्लेटा. झाल्या सोळा. कव्हर जाड कागदावर, त्याच्या वेगळ्या. हा खर्च पाचशे प्रती काढा नाहीतर पाच हजार, तेवढाच. त्यापुढे प्रत्येक प्रतीला कागद, शाई, घडी, पिनिंग.

विकत्या मासिकाची प्रत वाढली तर निदान तिचा कागद सुटतो. फुकट मासिकाची प्रत वाढली की तोटाच वाढतो. आणि प्रती कमी कराव्यात तर जाहिरातदार विचारतो, ‘किती ठिकाणी टाकता?’ दोन्हीकडून मरण. २०२१-२२ मध्ये कागद भडकला तेव्हा कित्येकांनी आधी पानं कमी केली, मग आर्ट पेपरवरून साध्या कागदावर आले. साध्या कागदावर दागिना उठून दिसत नाही, मग सराफही गळाला. पोस्टाची सवलत म्हणाल तर जुन्या १८९८ च्या कायद्यात त्यासाठी वर्गणीदारांची खरी यादी लागायची. फुकट वाटणाऱ्याकडे ती कुठून येणार?

पाथर्डी_फाटा

मी या मासिकाचा जाहिरातदार होतो. छोटं हॉटेल आहे, पाव पान घ्यायचो.

का बंद केलं ते सांगतो. अंक निघाल्यावर ‘मासिकात वाचून आलो’ म्हणणारं गिऱ्हाईक क्वचित. खालच्या कोपऱ्यात तुटक रेषेत कूपन होतं, ‘दोन थाळ्यांवर एक गोड पदार्थ मोफत’. कूपन घेऊन यायच्या त्या सगळ्या एकाच ब्यूटी पार्लरच्या पोरी. पार्लरात पाच अंक पडायचे, पाचांतलं कूपन कात्रीने कापलेलं. त्या नियमित यायच्या, गोडाव्यतिरिक्तही भरपूर खायच्या, माझी तक्रार नाही. पण पाव पानाचे पैसे त्यातून निघत नाहीत. आता तेवढ्यात मोबाइलवर फक्त इंदिरानगर-पाथर्डी फाट्याच्या लोकांना जाहिरात दाखवता येते, आणि कितीजणांनी पाहिली ते रात्री कळतं.

भद्रकालीकर म्हणतात ते काही खोटं नाही. जाहिरात बुक करायला येणारा पोरगाच विचारायचा, ‘सर, अर्धं पान केलंत तर परीक्षण टाकू?’ परीक्षण करायला मात्र कोणी जेवायला आलं नाही. मेनूकार्डाचा फोटो काढून नेला.

बिल्डर मंडळी गेली हा खरा दणका होता. मागचं कव्हर आणि मधलं जोडपान त्यांचंच असायचं. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाने, प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, तो छापायला कोणाला अडचण नव्हती. पण ऑनलाइन जाहिरातीतून चौकशी करणाऱ्याचा नंबर हातात पडतो. मासिक वाचून फ्लॅटची स्वप्नं बघणाऱ्याचा नंबर कोण देणार?

सिडकोची_मी

‘शहराची यादी’ म्हणे! कुठलं शहर? त्या तीन कॉलमांत सिडको, सातपूर, नाशिकरोड कधी दिसलं? कामगार कल्याणच्या नाट्यस्पर्धेत दिवसभर कारखान्यात उभी राहिलेली माणसं संध्याकाळी तालमी करून प्रयोग उभा करतात. त्याची एक ओळ नाही. पण सुगंधी मेणबत्त्यांच्या वर्कशॉपला अख्खी चौकट. आमच्याकडे अंकही येत नव्हता, मी पाहिला तो कॉलेज रोडला मैत्रिणीच्या क्लिनिकमध्ये.

आणि भाषा? निम्मं इंग्रजी, उरलेलं ‘हा लूक कॅरी करा’. वीस रुपये लावले असते तर मी तरी घेतलं नसतं.

जुने_अंक

हँडबिल म्हणून हिणवणाऱ्यांसाठी. ‘किर्लोस्कर’ मासिकाचा जन्म १९२० चा, ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने. नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं माहितीपत्रक होतं ते. त्यातूनच पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ निघाली. जाहिरातीच्या पोटी जन्मलं म्हणून कागद आपोआप हलका ठरत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायची असते, १९५६ पासून नियतकालिकंही त्यात आली. फुकट वाटणारे किती जण हे पाळत असतील? वाचकही फुकटचा अंक जपत नाही, रद्दीत पहिला तोच जातो. पन्नास वर्षांनी कोणाला बघायचं झालं, की गंगापूर रोडवर बंगले पाडून टॉवर कधी उठले, थाळी कितीला होती, कुठल्या नाटकाला नाशकात किती प्रयोग मिळाले, तर ते बातमीत नाही, जाहिरातीतच सापडतं. सावाना १८४० पासून पुस्तकं सांभाळतंय. असल्या अंकांची एखादी फाइल तिथे असावी असं मला मनापासून वाटतं.

भद्रकालीकर

किर्लोस्करांचं नाव घेतलंत हे बरं झालं. शंकरराव किर्लोस्करांनी आपल्या भगूरच्या सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध छापले, आणि वाचक खवळले तरी छापले. तुमच्या या मासिकाने कोणाला खवळवलं ते सांगा. गोदापात्रातलं काँक्रीट काढा म्हणून शहरात इतकी वर्षं भांडण चाललंय. २०२५ च्या शेवटी कुंभमेळ्याच्या साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून लोक रस्त्यावर आले. त्या वेळच्या अंकात काय होतं? द्राक्षबागेतल्या लग्नाचे फोटो!

फाइल करून ठेवायची तर ठेवा, पण तिच्यावर ‘शहराचा इतिहास’ असं लिहू नका. ज्यांच्याकडे पाव पानाचे पैसे होते त्यांचा इतिहास, असं लिहा.

मखमलाबादकर

@भद्रकालीकर, तपोवनाबद्दल काही छापलं नाही याचं कारण मी वरच सांगितलंय. बिल्डरच्या पैशावर झाडांची बाजू कशी घेणार? म्हणूनच वाचकाचा पैसा हवा होता.

@सिडकोची_मी, यादी अपुरी होती म्हणून ती नको, हे मला पटत नाही. अपुरी यादी वाढवता येते, तिला पत्र लिहून भांडता येतं. आता कोणाशी भांडाल?

फुकटेपणाचं बाहेर काय झालं तेही बघा. लंडनचं ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’ २००९ मध्ये फुकट झालं, २०२४ मध्ये रोजचा छापील अंक संपला. ‘टाइम आउट’ लंडनमध्ये २०१२ ला फुकट झालं, २०२२ ला तिथली छपाई थांबली.

छापखानावाला

मग न्यूयॉर्कचं ‘व्हिलेज व्हॉइस’ का सोडलंत? ते १९९६ मध्ये फुकट झालं आणि छापील अंक २०१७ पर्यंत निघाला. दोन दशकं! त्याला फुकटेपणाने नाही मारलं. भाड्याच्या घरांच्या, नोकऱ्यांच्या छोट्या जाहिराती इंटरनेटवर गेल्या, तिथे कणा मोडला. आणि विकत घेऊन वाचायची मासिकं आपल्याकडे धडाधड बंद पडली, त्यांना तर किंमत होती की!

वीस रुपयांचं म्हणताय, तर त्यातलं विक्रेत्याचं कमिशन वजा करा. न खपलेले अंक परत येतात, त्यांचा कागद तुमच्याच डोक्यावर. वसुलीला माणूस फिरवा. हातात काय उरतं ते सांगा. फुकट असल्यामुळेच ती यादी दातांच्या डॉक्टरांकडे पोचली. स्टॉलवर ठेवली असती तर नाटकवेड्यांनीच घेतली असती, आणि त्यांना कालिदासला काय लागलंय हे आधीच माहीत असतं.

सिडकोची_मी

@मखमलाबादकर, पत्र लिहून भांडायचं म्हणता, ते करून झालंय. आमच्या मंडळाच्या एकांकिकांचं पत्रक मेलवर पाठवलं होतं. उत्तर आलं, सोबत जाहिरातीचं दरपत्रक. यादीतली ओळ फुकट होती हे मला आज इथे कळतंय.

पाथर्डी_फाटा

ताई, फुकट सगळ्यांना नव्हती. ओळखीवर होती.

बाकी मासिक परत यावं असं मला वाटत नाही. पण नुसती यादी, एकच कागद, पाठपोट, एका रंगात, कोणी काढत असेल तर काउंटरवर ठेवीन आणि महिन्याला काही पैसेही देईन. खाली ‘सौजन्य’ एवढंच टाका. माझ्या भाजीला ‘खमंग’ वगैरे म्हणू नका. @छापखानावाला, ए-थ्रीला हजार प्रतींचा काय भाव बसेल?

छापखानावाला

सत्तर जीएसएम मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा कागद, धरतो, घडी धरून. भाव संध्याकाळी टाकतो. पण दर महिन्याला वीस तारखेच्या आत मजकूर कोण देणार ते आधी ठरवा. अशी कामं छपाईसाठी अडत नाहीत, मजकुरासाठी अडतात.

मखमलाबादकर

कालिदास, सावाना, स्मारक आणि घाटावरचं मी गोळा करतो. पण पाच रुपये का होईना, किंमत छापा.

सिडकोची_मी

किंमत छापाल तर आमच्याकडे कोणी उचलणार नाही. सिडको-सातपूर-नाशिकरोडचं मी देते, पण पहिल्या कॉलमात. खाली चिकटवणार असाल तर नको.

भद्रकालीकर

काढा, काढा. चौथ्या महिन्यात मागच्या बाजूला टू बीएचकेची जाहिरात आली नाही तर मिसळ माझ्याकडून. तर्री वेगळी.