सोया मेणाचं मिश्रण: टार्ट आणि व्होटिव्हसाठी कंटेनर किती, पिलर किती?

मोगरा_नागपूर

दिवाळीच्या प्रदर्शनासाठी सुगंधी टार्ट (बिनवातीच्या मेणाच्या वड्या) आणि व्होटिव्ह (काचेत ठेवून लावायच्या छोट्या मेणबत्त्या) करायचे आहेत. घरात सोया मेण दोन प्रकारचं आहे, एक कंटेनर ग्रेडचं (काचेत ओतायचं, मऊ) आणि एक पिलर ग्रेडचं (साच्यातून काढायच्या मेणबत्त्यांचं, कडक). दोन्ही नुसती वापरून पाहिली, दोन्हींची रड वेगळी.

कंटेनर मेणात १० टक्के सुगंधी तेल घातलं. टार्ट सिलिकॉनच्या साच्यातून काढताना कडा तुटतात, बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि दुपारच्या उन्हाच्या वेळी वर तेलाचे थेंब येतात. पिलर मेणाचे व्होटिव्ह स्टीलच्या साच्यातून टुणकन सुटतात, पण माथ्याला चिरा जातात, वातीजवळ खड्डा पडतो. पेटवल्यावर वात मधोमध विहीर खणत खाली जाते, कडेचं मेण जसंच्या तसं.

मिश्रण करायचं तर प्रमाण काय घ्यावं? दोन्हींना एकच चालेल का? स्टिअरिक ॲसिड घालावं का? आणि साचे फ्रीजरमध्ये ठेवले तर लवकर सुटतील का?

---

साचेवाला

एकच प्रमाण दोन्हींना चालणार नाही. टार्टला वात नसते. त्याने फक्त साच्यातून अखंड निघायचं आणि बर्नरवर (सुगंधी मेण गरम करायच्या दिव्यावर) पटकन वितळून वास सोडायचा. व्होटिव्हला मात्र साच्यातून निघून स्वतःच्या पायावर उभं राहायचं आणि काचेत जळायचंही आहे.

कंटेनर मेण काचेला धरून राहावं म्हणूनच मऊ केलेलं असतं. ४६४ नंबरने विकल्या जाणाऱ्या सोया मेणासारखी कंटेनर मेणं साधारण ४६ ते ४८ अंशांवर वितळतात. नागपूरच्या मे महिन्यात त्यांचा टार्ट कुरिअरच्या गाडीत टिकणं अवघडच. पिलर मेण ५४ अंशांच्या आसपास वितळतं, थिजताना जास्त आकसतं आणि म्हणून साचा सोडतं. तुमच्या चिरा आणि खड्डा याच आकसण्यामुळे.

माझी प्रमाणं, सगळी वजनाने:

टार्ट: पिलर ६५, कंटेनर ३५, सुगंधी तेल मेणाच्या ८ टक्के.
व्होटिव्ह: पिलर ७५, कंटेनर २५, सुगंधी तेल ६ टक्के.
उन्हाळ्यात दोन्हींत पिलर ५ ते १० ने वाढवा.

व्होटिव्हमध्ये तेल मुद्दाम कमी ठेवलंय. जास्त तेलाने वात तुंबते, काजळी धरते आणि वासही वाढत नाही. तुमच्या टार्टवर थेंब आले तेही याचमुळे: मऊ मेण, १० टक्के तेल आणि वर उकाडा.

५०० ग्रॅम मेणाचे व्होटिव्ह असे करा. ३७५ ग्रॅम पिलर आणि १२५ ग्रॅम कंटेनर एकत्रच डबल बॉयलरमध्ये (गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात) ठेवून ८० ते ८५ अंशांपर्यंत न्या. थेट आचेवर नको, ९० च्या वर गेलं की मेण पिवळट पडायला लागतं. पिलरचा एकही तुकडा तळाशी राहिला नाही हे चमचा फिरवून बघा, कारण अर्धवट वितळलेला तुकडा पुढे पांढऱ्या डागासारखा दिसतो. भांडं उतरवून ७५ अंशांवर ३० ग्रॅम तेल घाला. दोन मिनिटं हळूहळू ढवळा, फेटू नका. फेटलं की हवा शिरते आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रं येतात.

साचे आधी ४० अंशांपर्यंत कोमट करा. थंड स्टीलला मेण लागलं की आडव्या रेघा उठतात. ६८ ते ७० अंशांना ओता, आठ साचे भरतील. प्रत्येकी ६० ग्रॅम धरले तर ५०-एक ग्रॅम उरतं, ते दुसऱ्या ओतणीसाठी राखून ठेवा. माथ्यावर साय धरली आणि मधे खळगा दिसला की वातीच्या सुईशेजारी (वातीसाठी भोक ठेवायला साच्यात उभी केलेली सुई) काडीने दोन-तीन भोकं पाडा. उरलेलं मेण पहिल्यापेक्षा ४ ते ५ अंश जास्त गरम करून ओता. पहिल्या ओतणीच्या रेषेच्या वर जाऊ नका. मेण त्या वेळेपर्यंत भिंतीपासून सुटलेलं असतं. वरून ओतलेलं गरम मेण त्या फटीत उतरलं की व्होटिव्ह साच्यात घट्ट बसतो आणि बाहेर निघाला तरी अंगावर पापुद्रे घेऊन निघतो.

टार्ट त्यापेक्षा सोपे. सिलिकॉनच्या साच्यात ६० ते ६५ अंशांना एकदाच ओतायचं, दुसरी ओतणी लागत नाही. साच्यात किती मेण मावतं ते पाण्याने मोजा: १०० ग्रॅम पाणी मावत असेल तर ९० ग्रॅम मेण धरा. नंतर साचा अगदी कोरडा करा, पाण्याचा एक थेंबही टार्टमध्ये पोकळी करतो.

फ्रीजरला हात लावू नका. बाहेरचं मेण झटक्यात आकसतं, आतलं अजून गरम असतं, आणि तडा जातो. पूर्ण थिजल्यावरही सुटत नसेल तर साध्या फ्रीजमध्ये १० मिनिटं पुरतात.

---

वात_बत्ती

वर प्रमाण नीट सांगितलंय, पण विहीर पडण्याचा दोष सगळा मेणावर ढकलू नका. अर्धा वातीचा आहे.

व्होटिव्ह काचेत जळताना पूर्ण वितळून काच भरतो, तो तसाच बनवलेला असतो. त्यामुळे काच त्याच्या अंगाबरोबरची हवी. रुंद वाटीत ठेवला तर मेण पसरतं, थर उथळ होतो आणि वात बुडून विझते. बशीत उघडा तर कधीच लावू नका.

पॅराफिनच्या व्होटिव्हला जी वात चालते ती सोयाला कमी पडते. निदान एक नंबर वर जा. साधारण ५ सेंटिमीटर व्यासाच्या व्होटिव्हला ईसीओ ४, ६ आणि ८ किंवा सीडी ५, ६ आणि ७ (ईसीओ आणि सीडी हे वातींचे प्रकार, आकडा मोठा तर वात जाड) अशा लागोपाठच्या तीन वाती घ्या. एकाच ओतणीचे तीन व्होटिव्ह करून एकाच खोलीत, पंखा बंद ठेवून लावा. दोन तासांनी बघा. कडेला मेणाची जाड भिंत उभी असेल तर वात बारीक. टोकाला काळा गोळा बसला, ज्योत नाचते आणि काच हाताला चटका देते, तर जाड. मधली ठेवा. सुगंध बदलला की ही परीक्षा पुन्हा, कारण जड तेलं वातीला वेगळं वागायला लावतात.

साच्यात वात सोडून ओतण्यापेक्षा वातीची सुई वापरा. व्होटिव्ह सुटल्यावर सुई काढायची आणि त्याच भोकात मेणात भिजवलेली, पत्र्याची चकती लावलेली वात खालून घालायची. वात मधोमध राहते. चकतीची नळी जरा उंच घ्या, म्हणजे तळाशी थोडं मेण उरलं असताना ज्योत आपोआप विझते आणि काच तडकत नाही.

व्होटिव्हमध्ये वाळलेल्या गुलाबपाकळ्या, बडीशेप, चमकी असलं काही नको. चमकी वात तुंबवते आणि पाकळी स्वतःच दुसरी वात होते. हौस असेल तर सजावट खोक्यावर करा.

---

रवाळ

थोडा मतभेद. ६५:३५ आणि ७५:२५ ही प्रमाणं बरोबर आहेत, पण पिशवीवर "पिलर" लिहिलंय म्हणून ते तसंच वागेल असं नाही. सुट्या पाकिटातल्या मेणात पाम किंवा पॅराफिन मिसळलेलंही असू शकतं. आधी १०० ग्रॅम वितळवा, थर्मामीटर बुडवून ढवळत राहा आणि कोणत्या अंशाला गढूळ होतं, कोणत्या अंशाला चमचा जड जातो ते लिहून ठेवा. दोन पिशव्यांच्या आकड्यांत ४-५ अंशांचाही फरक नसेल तर त्या मिसळून काही हाती लागणार नाही.

नंतर ५०:५०, ६०:४०, ७०:३० आणि ८०:२० असे १००-१०० ग्रॅमचे घाणे करा, प्रत्येक टार्टच्या तळाशी सुईने आकडा कोरा. २४ तासांनी मधोमध मोडून बघा. कडक्कन तुटला तर चांगला, वाकला तर मऊ, भुगा झाला तर पिलर जास्त.

स्टिअरिक ॲसिड पिलर मेण मिळत नसेल तेव्हाच. नुसत्या कंटेनर मेणात ३ ते ५ टक्के घातलं तर कडकपणा येतो आणि साचा सुटतो. ते ६९ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून आधी मेणात पूर्ण विरघळवा, तेल नंतर. मधमाशांचं मेण ५ ते १० टक्के घालता येतं, पण त्याचा स्वतःचा वास मोगऱ्यासारख्या हलक्या सुगंधावर बसतो.

आता पांढऱ्या बुरशीसारख्या डागांबद्दल, कारण ते तुम्हाला दिसणारच. सोया मेण म्हणजे वनस्पती तुपासारखंच हायड्रोजन देऊन घट्ट केलेलं तेल. तूप हळू थिजलं की रवा धरतं, तसे याचेही स्फटिक बदलतात आणि पृष्ठभागावर पांढरी जाळी येते. जळण्यावर त्याचा काही परिणाम नाही. गडद लाल किंवा निळा रंग दिला की ते उठून दिसतं, म्हणून सोयात फिकट रंगच बरे. ओतल्यावर साचे पंख्याखाली किंवा एसीच्या झोतात ठेवू नका.

तेलाचंही बघा. व्हॅनिलाच्या तेलात व्हॅनिलिन असतं, त्याने मेण काही दिवसांत तपकिरी होतं. मोगऱ्याच्या बऱ्याच तेलांत इंडोल असतं, त्यानेही पिवळटपणा येतो. ग्लायकॉलमध्ये पातळ केलेला अर्क मेणात मिसळतच नाही, साच्याच्या तळाशी थेंब होऊन बसतो. घेताना "मेणबत्तीसाठी, तेलात विरघळणारं" असं विचारून घ्या. केकचं इसेन्स तर अजिबात नको.

आणि विकायला काढण्याआधी डब्यात बंद ठेवून किमान आठ दिवस, जमल्यास दोन आठवडे मुरू द्या. ताज्या सोया मेणाचा वास कमीच येतो. त्याच दिवशी लावून "वास नाही" म्हणत तेल वाढवू नका.

---

मोगरा_नागपूर

सगळ्यांचे आभार. आता शेवटचं: कंटेनर मेणाचे मोडके टार्ट ५५० ग्रॅम पडून आहेत, १० टक्के तेल घातलेले. ते टाकून द्यावे का? की नव्या मिश्रणात घालता येतील?

---

साचेवाला

टाकू नका, पण त्यातलं तेल हिशोबात धरा. ५५० ग्रॅममध्ये ५०० मेण आणि ५० तेल आहे. ५०० कंटेनरला ६५:३५ साठी साधारण ९३० ग्रॅम पिलर लागेल. एकूण मेण १४३० ग्रॅम. त्याच्या ८ टक्के म्हणजे ११४ ग्रॅम तेल हवं, त्यातलं ५० आधीच आहे, म्हणून आणखी ६४ ग्रॅम घाला, आणि तेही त्याच सुगंधाचं.

आधी ९३० ग्रॅम पिलर एकटं ८५ अंशांवर वितळवा, भांडं आचेवरून उतरवा आणि मग मोडके टार्ट तुकडे करून त्यात सोडा. तापमान आपोआप खाली येईल आणि जुनं तेल विनाकारण उडणार नाही. ७० च्या खाली गेलं तर हलक्या आचेने ७५ वर आणा आणि नवं तेल घाला. या घाण्याचे टार्टच करा, व्होटिव्ह नको: ८ टक्के तेल वातीला जास्त होतं. वरची धूळ लागली असेल तर ओतताना भांड्याच्या तोंडाला स्टीलची बारीक गाळणी धरा.