अनुभव धागा: 'परत' म्हणजे नक्की कुठे?

पुण्याहून निघताना मावशीने दारात विचारलं, "आता परत कधी गं?" मी "बघू" म्हटलं. खरं तर मी त्याच रात्री परत चालले होते, नैरोबीला. आजोबा १९३०च्या दशकात रेल्वेत कारकून म्हणून मोंबासाला उतरले, तेव्हापासून आमचं घर तिकडेच. मावशीच्या लेखी मात्र आम्ही तीन पिढ्या बाहेरगावी आहोत.

त्याआधी लिखाणाच्या कामासाठी दोन महिने बर्लिनमध्ये होते. तिथे 'आफ्रिकानिशे श्ट्रासे' नावाचं मेट्रो स्टेशन आहे. आजूबाजूला टोगोच्या नावाचा रस्ता, कॅमेरूनच्या, युगांडाच्या, झांझिबारच्याही. १८८४-८५ साली याच शहरात जर्मन चान्सलर बिस्मार्कच्या घरी परिषद भरली, आफ्रिकेचे लचके कसे तोडायचे याचे नियम ठरले, आणि आफ्रिकेतल्या एकालाही बोलावणं नव्हतं. त्या पाट्यांखालून मी रोज दूध आणायला जायचे. दुकानदाराने विचारलं, कुठची? केनियाची म्हटलं तर माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "हो, पण मूळची?" तो स्वतः तुर्की! निदान त्याने तरी विचारायला नको होतं.

नैरोबीत पहाटे उतरले. जुलै होता, स्वेटर घातला. (शहर सुमारे १,७०० मीटर उंचीवर आहे, आमच्या घरात पंखाच नाही. पुण्यात हे कुणालाही पटत नाही.) खिडकीतल्या बाईने पासपोर्ट बघितला आणि मान वर न करता म्हणाली, "कारिबू न्युम्बानी." घरी स्वागत आहे. पुढे न्यायो स्टेडियमजवळच्या बाभळींवर ते टकले, ओंगळ मराबू करकोचे नेहमीसारखे बसलेले. बघून रडू यावं असं त्यांच्यात काही नाही. मला आलं.

आता तुम्ही लिहा. सिंह आणि सूर्यास्त नकोत. परतल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय झालं, तेवढंच.

दारचा मुलगा, दार-ए-सलाम

चार वर्षं लेस्टरला शिकून आलो, तर घरी पाण्याचा पंप बंद. फुंडीला, म्हणजे मिस्त्रीला, फोन केला. म्हणाला, उद्या "सा तातू"ला येतो. तातू म्हणजे तीन, म्हणून मी आरामात झोपलो. तो नऊला आला, दार वाजवून वाजवून निघून गेला. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे 'एक'. जन्मापासून हेच घड्याळ ऐकलेलं, आणि चार वर्षांत पार विसरलो! आईने अर्थातच फुंडीची बाजू घेतली.

दुसऱ्या दिवशी तो आला. वयाने मोठा, म्हणून "शिकामो" म्हटलं, मोठ्यांना करायचा नमस्कार. "मराहाबा" म्हणाला आणि आईकडे वळून, "अगदीच वाया गेलेला नाही." लेस्टरला लहानथोर सगळ्यांना एकच लाडाची हाक, "मी डक", म्हणजे 'माझ्या बदका'.

फणसवाली, सध्या लंडन

मी आठ वर्षांची होते. ४ ऑगस्ट १९७२ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने जाहीर केलं, आणि आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवस मिळाले. बाबा कंपालात गणित शिकवायचे. रोज संध्याकाळी कॅलेंडरसमोर उभे राहून वजाबाकी करायचे. इंग्लंडमधला पहिला हिवाळा सफोकच्या एका जुन्या हवाई तळावरच्या छावणीत काढला.

१९९८ला मी एकटी कंपालाला गेले. भाऊ म्हणाला, कशाला उकरून काढतेस? घर सापडलं. रंग वेगळा, अंगणातला फणस तोच. तिथे राहणाऱ्या आजींनी फाटक अर्धंच उघडलं आणि सरळ विचारलं, "घर मागायला आलात का?" त्यांचं चुकलं नव्हतं. त्या वर्षांत बऱ्याच जुन्या मालकांना मालमत्ता परत मिळत होत्या. आमचं तर घर भाड्याचं. "फणस बघायला आले" म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की शेजारीण बाहेर आली.

तिकडे फणसाला 'फेने' म्हणतात. आजींनी सुरीला तेल लावलं, हाताला लावलं, अगदी आमच्या आजीसारखं. गरे संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग म्हणाल्या, "कुलिकायो." प्रवासाहून परत आलेल्या माणसाला तिथल्या लुगांडा भाषेत असं म्हणतात. भावाला हे अजून सांगितलेलं नाही.

तांबेवाडी, किटवे (झांबिया)

लेकीच्या बाळंतपणाला कॅनडात होते, फेब्रुवारी २०१३मध्ये परतले. पर्समध्ये जुन्या नोटा. मधल्या काळात, १ जानेवारीपासून, क्वाचाची, म्हणजे इथल्या चलनाची, तीन शून्यं उडवलेली! भाजीवाली म्हणाली "पाच", मी पाच हजारांची जुनी नोट हातात धरून उभी. तिने ती काढून घेतली, बरोब्बर होती. जूनपर्यंत दोन्ही नोटा चालल्या आणि तोवर मी रोज डोक्यात शून्यं खोडत होते.

कॅनडात सगळं मिळालं, सुकट नाही. इथे कापेंटा मिळतो, तळ्यातली बारीक वाळवलेली मासळी. कांदा, कोकम घालून केला. शेजारीण वासाने आली. तिने शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, आणला, मी भात लावला, दोघींनी एकमेकींचंच जेवलं.

लागोसचा पाहुणा

नऊ वर्षं झाली, तरी नाव पाहुणाच. सुट्टीवरून आलो की घरी पोचेपर्यंत वीज जाते. मग ती येते, आणि अख्ख्या गल्लीतली पोरं एका सुरात ओरडतात, "अप नेपा!" नेपा ही जुनी वीज कंपनी केव्हाच मोडीत निघाली, आरोळी तेवढी उरली. यंदा मीही ओरडलो. बायको म्हणाली, दार लावा आता.

धागाकर्ती

फणसवाली ताई, भावाला सांगाच. तांबेवाडीकाकू, कोकम कुठून आणता? आणि नैरोबीमार्गे येणाऱ्यांनी बाकरवडी प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगमध्ये आणू नका, २०१७पासून बंदी आहे. माझी पिशवी विमानतळावर काढून घेतली. बाकरवडी मांडीवर घेऊन घरी आले.