सई चालते, मग सखू का नको?

सांगलीहून:
भावाला मुलगी झाली. आत्या म्हणून कानात 'कुर्र' करायचा मान माझा, त्यामुळे नावाचा वादही माझ्याच पदरात आला आहे. वहिनीला 'सखू' हवं आहे. घरातली बाकी मंडळी म्हणतात, फार जुनाट वाटतं, त्यापेक्षा 'सई' ठेवा.

गंमत अशी की दोन्ही नावं एकाच शब्दाची लेकरं आहेत. संस्कृत 'सखी'चं प्राकृतात 'सही' झालं आणि मराठीत 'सई'. त्याच 'सखी'ला लाडाचा ऊ लागला की 'सखू'. अर्थ दोन्हींचा मैत्रीण. वयानं म्हणाल तर सईही काही कालची नाही. शिवाजी महाराजांच्या पहिल्या राणीसाहेब, संभाजी महाराजांच्या आई, त्या सईबाई. फलटणच्या निंबाळकरांची लेक. आणि संत सखू कराडची, कृष्णाकाठची. म्हणजे दोन्ही नावं आपल्या शेजारच्याच सातारा जिल्ह्यातली, दोन्ही शेकडो वर्षं जुनी. तरी एक 'गोड' आणि एक 'जुनाट', हे कशावरून ठरलं? तुम्हाला काय वाटतं?

कराडहून:
ताई, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सई राणीचं नाव, सखू राबणाऱ्या सुनेचं. कथेत सासरचे तिला पंढरीला जाऊ नये म्हणून खांबाला बांधून घालतात आणि तिच्या जागी विठ्ठल येऊन बांधून घेतो. पुढं नाटका-सिनेमांत मोलकरीण दाखवायची तर गंगूबाई, शांताबाई, सखूबाई ही नावं ठरलेलीच. अर्थ बिघडला नाही, नावाला वास लागला.

आणि ऊकारामुळं जुनाट वाटतं म्हणावं, तर आजकाल पाच घरांत एक पिहू असतेच. तिथं तोच ऊ लाडिक वाटतो.

सांगलीहून:
अगदी हेच मला म्हणायचं होतं. जुनी नावं परत येताहेत असं आपण म्हणतो, पण कोणती? रमा, सई, मुक्ता, जाई, अहिल्या. धुरपदा, ठकू, फुलाबाई, हौसा ही मात्र वहीतसुद्धा कुणी लिहून ठेवत नाही. जी नावं शेतात, खळ्यावर हाका मारून मारून वापरली गेली, ती अजून 'जुनाट'च आहेत. मला हा फरक मनापासून खटकतो.

कडेगाव भागातून:
हौसाचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेकीचं नाव हेच. इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारच्या लढ्यात जीव धोक्यात घालून काम केलं त्यांनी. २०२१ मध्ये त्या गेल्या, पण आमच्याकडं आजही हौसाक्का म्हटलं की कुणाविषयी बोलणं चाललंय ते सांगावं लागत नाही. ताईच्या जागी अक्का, हे आपल्या भागाचंच वळण.

शब्दाचं म्हणाल तर 'हौस' मूळ अरबी 'हवस'. हिंदीत त्याला वाईट अर्थ चिकटला, मराठीत तो निर्मळ राहिला. हौसेनं केलं, हौसेमौजेनं केलं. हौसा म्हणजे हौसेनं मागून घेतलेली पोरगी. यापेक्षा चांगलं नाव लेकीला काय देणार?

साताऱ्याहून:
सगळ्यांचं पटतं, पण जुनं म्हणून सगळंच उचलू नका. 'नकुशी' हेही आपल्याच मातीतलं जुनं नाव. 'नकोशी'चं बोलीतलं रूप. मुलींवर मुली झाल्या की पुढची तरी मुलगी होऊ नये म्हणून ठेवायचे. २०११ साली सातारा जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींना शोधून कार्यक्रमात नवी नावं दिली. रोज हाक मारताना 'तू नको होतीस' हेच ऐकत त्या मुली वाढल्या होत्या. धोंडू, दगडू यांची गोष्ट वेगळी. मूल जगत नसलं की दृष्ट लागू नये म्हणून तसं नाव ठेवायचे, त्यात मूल हवं असण्याचीच काळजी होती.

तेव्हा माझ्या मते नाव किती जुनं हे बघूच नये. ठेवणाऱ्यानं लेकराला काय दिलं ते बघावं. हौसा आणि नकुशी एकाच काळातली, शेजारशेजारच्या गावांतली. एक हवीशी, एक नकोशी.

सांगलीहून:
दादा, हे फार नेमकं लिहिलंत. घरी वाचून दाखवलं. आईचा विरोध आता फक्त शाळेपुरता उरला आहे, पोरं चिडवतील म्हणते. चिडवणारी पोरं कुठल्याही नावाचं काहीही करतात, हे तिलाही माहीत आहे. मधला मार्ग म्हणून कुणी 'सखी' सुचवलं. मला ते नको आहे. सखी छापील वाटतं, सखू दारातून हाक मारल्यासारखं वाटतं.

फलटणहून:
पाळण्यातलं सखू आणि कागदावर दुसरं, असं करता येईल की. पूर्वी सर्रास करायचे.

सांगलीहून:
येईल, पण मग पहिलीच्या हजेरीपासून सखू घरात कोंडली जाईल. वहिनी म्हणते, कागदावरही हेच. मीही तिच्याच बाजूची.

साताऱ्याहून:
मग दोन गोष्टी सांगतो. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि नाव बारा महिन्यांच्या आत फी न भरता घालता येतं, तेव्हा बारशाच्या गडबडीत दाखल्याची घाई करू नका. आणि घालाल तेव्हा खू दीर्घ आहे ना, ते तिथंच वाचून बघा. मराठीत शब्दाच्या शेवटचा उकार दीर्घच. एकदा ऱ्हस्व पडला की शाळेचा दाखला, आधार, सगळीकडं तोच उतरत जातो आणि पुढं दुरुस्तीसाठी पोरीला हेलपाटे घालावे लागतात.